वाळूचं दार

चेन्नईत गळ टाकायला निघालेला माणूस घड्याळ बघत नाही, वाळू बघतो. कोकणातून आलेल्या मला हे कळायला दोन पावसाळे जावे लागले. आमच्याकडे गरवायला जायचं तर आधी तिथी मोजायची. अमावास्या-पुनवेचं उधाण कधी, अष्टमीचं भांग कधी, सुकती किती वाजता लागते, यावर बेत ठरायचा. मुंबईकडे उधाणाची भरती चार मीटरच्या वर चढते. चेन्नईत ती जेमतेम मीटर-सव्वा मीटर. एवढ्याशा पाण्यात खाडी श्वास घेते ती भरतीच्या जोरावर नाही, मुख उघडं असेल तरच. आणि मुख उघडं ठेवायचं की बुजवायचं हे वाळू ठरवते.

ही वाळू सतत चालत असते. नैर्ऋत्य वाऱ्यांच्या महिन्यांत लाटा तिला उत्तरेकडे ढकलतात, ईशान्य मोसमीत थोडी परत दक्षिणेकडे आणतात, आणि वर्षाअखेर हिशेब केला तर ती उत्तरेकडेच सरकलेली असते. 1870 च्या दशकात मद्रासच्या बंदराचे बांध समुद्रात घालायला घेतले तेव्हा ही चालती वाळू दक्षिणेला अडली आणि मरीनाचा किनारा रुंद होत गेला. उत्तरेला रायपुरमकडची जमीन समुद्र खात गेला. जिथे नदी क्षीण होते तिथे हीच वाळू तोंडावर आडवी पडते. उन्हाळ्यात चेन्नईच्या दक्षिणेला असलेल्या कोवळमच्या खाडीचं मुख चालत ओलांडता येतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमीचा पाऊस कोसळला की आतलं पाणी बांध फोडून बाहेर पडतं आणि त्याच वाटेने समुद्र आत येतो. त्यानंतरचे काही महिने गळवाल्यांचे.

हा छंद एकट्या चेन्नईचा नाही. उथळ खाऱ्या पाण्यात, गवताच्या पट्ट्यांवर रॉड घेऊन मासे पकडायचा छंद जगात सर्वांत नावाजला तो अमेरिकेच्या मेक्सिको आखाताच्या काठी. तिथला लाडका मासा म्हणजे ठिपक्यांचा ‘सी ट्राउट’. गंमत अशी की तो ट्राउट नाहीच. तो आपल्या घोळीच्या आणि ढोम्याच्या कुळातला, पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून टकटक आवाज काढणारा. तमिळ कोळी या कुळाला कत्तलै म्हणतात. घर सोडून गेलेल्या गोऱ्यांनी जिथे गेले तिथे घरच्या माशांची नावं चिकटवली. मद्रासेतही तेच झालं. रावसाला ‘सामन’ केलं, मुडदुशीला ‘व्हाइटिंग’. खरा ट्राउट मद्रास इलाख्यात होता, पण तो निलगिरीच्या थंड ओढ्यांत, मुद्दाम आणून सोडलेला. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधल्या हेन्री सलिव्हन थॉमस यांनी हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवरचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ 1873 मध्ये मंगळूरहून छापला. त्याआधी मद्रास सैन्यातले शल्यवैद्य फ्रान्सिस डे मलबारच्या माशांवर लिहून मोकळे झाले होते. म्हणजे या छंदाचं शास्त्र दक्षिणेत दीडशे वर्षांपूर्वीच पक्कं झालं होतं. नवं आहे ते त्याचं आजचं रूप: रविवारी पहाटे चारला मोटारसायकलच्या मागे रॉडची नळी बांधून ईस्ट कोस्ट रोडवरून निघणारे आयटीतले तरुण.

आता मासे. चेन्नईच्या खाड्यांचा राजा कोडुवा. रायगडकर त्याला जिताडा म्हणतात, बंगाली भेटकी. अलिबाग-पेणकडे पाहुणचाराचा शेवटचा शब्द तोच. हा मासा आड घेऊन बसतो. पुलाचा खांब, बुडालेलं झाड, दगडाची कड, तिवरांची मुळं, आणि त्यांच्यावरून वाहणारं पाणी. रात्री पुलावरचा दिवा पाण्यात पडतो तिथे उजेड-अंधाराच्या सीमेवर तो टपून असतो. घास घेताना ‘भॉक’ असा आवाज होतो. एकदा ऐकला की झोपेतही ऐकू येतो. त्याच्या कल्ल्याची झाकणं धारदार, तोंडही खरखरीत, म्हणून दोरीच्या टोकाला जाड लीडर लावल्याशिवाय इथले जाणते लोक ल्युअर, म्हणजे नकली आमिष, टाकत नाहीत.

त्याचं आयुष्य खाडीच्या मुखाशी बांधलेलं आहे. पिल्लं जन्मतात खाऱ्या पाण्यात, मुखाच्या आसपास. मग आत शिरून निमखाऱ्या, कधी गोड्या पाण्यात वाढतात आणि वयात आल्यावर परत समुद्राकडे येतात. सुरुवातीला बहुतेक नर असतात. काही वर्षांनी, काही किलोंचे झाल्यावर, मादी होतात. म्हणजे फोटोसाठी उचलून धरलेला सर्वांत मोठा कोडुवा जवळजवळ नेहमी पोटभर अंडी घालू शकणारी मादी असते. हौशी मंडळींत आता पकडून सोडायची रीत रुजते आहे. मला वाटतं तिचा नियम उलटा करायला हवा. मधल्या आकाराचा एखादा घरी न्यावा, मोठा मात्र सोडून द्यावा. पण मोठ्या माशासोबतच्या फोटोची भूक पोटाच्या भुकेपेक्षा बळकट असते.

कोडुवाच्या खालोखाल काला. इथे हे नाव घेतलं की रजनीकांतचा धारावीतला सिनेमा आठवतो, पण कोळ्याच्या तोंडी काला म्हणजे रावस. खुल्या समुद्राला लागून असलेल्या मुखाशी, लाटा फुटतात त्या गढूळ पट्ट्यात तो येतो, आणि त्याच्या हनुवटीखालचे दोऱ्यासारखे पर त्या गढूळात चाचपत असतात. पारै म्हणजे ट्रेव्हॅली. चपळ, गळाला लागल्यावर हात दुखवणारा. दगडांत तांबोशी. वाळूवर किळंगान, म्हणजे आपली मुडदुशी, लहान गळाला आणि लहान मुलांना लागणारी. मडवै म्हणजे बोय. ती गळाला क्वचित लागते, पण जिथे बोयींचा थवा उड्या मारतो तिथे खाली काहीतरी मोठं आहे, एवढं सांगून जाते.

आमिषाचा वाद इथेही आहे आणि तो कधी मिटणार नाही. एक पक्ष ल्युअरचा: मऊ रबरी मासळी, शिशाच्या डोक्याचा गळ, पातळ ब्रेडेड (विणलेली) दोरी. दुसरा पक्ष जिवंत कोळंबीचा. कोळंबी डोक्यावरच्या शिंगाच्या मागे, काळा ठिपका चुकवून टोचायची, वर बूच लावायचं आणि पाणी नेईल तिकडे जाऊ द्यायची. अमेरिकेतल्या गवताच्या पट्ट्यांवर याच बुचाला खळग्याचं तोंड करून झटका देतात. त्याच्या ‘पॉप’ आवाजाला कोळंबी उडाल्याचं समजून मासा येतो. कोवळमला माझ्यासमोर एका म्हाताऱ्याने हीच युक्ती नारळाच्या करवंटीच्या तुकड्याने केली. त्याच्याकडे रॉड नव्हता, बाटलीभोवती गुंडाळलेली दोरी होती. त्या सकाळी मासे त्यालाच मिळाले.

पण गवत? इथे विषय जरा वळतो. समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, फुलं येतात, बी धरतं; जमिनीवरची वनस्पती पुन्हा समुद्रात गेली असं समजा. त्याला दोन गोष्टी लागतात, उथळ तळ आणि त्या तळापर्यंत पोचणारा उजेड. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पाणी इतकं गढूळ असतं की गवताची कुरणं फारशी नाहीतच. चेन्नई शहराच्या हद्दीतल्या खाड्यांतही तसंच. खरी कुरणं दक्षिणेला, पाल्कच्या उपसागरात आणि मन्नारच्या आखातात आहेत. तमिळमध्ये कडल पुल, समुद्राचं गवत. चेन्नईच्या उत्तरेला पुलिकतच्या उथळ सरोवरातही गवत आहे, कमी-अधिक, पाण्याच्या खारेपणाप्रमाणे बदलणारं. त्याच्या आडोशाला कोळंबीची पिल्लं, समुद्रघोडे, लहान मडवै. मुंबईत बसून चेन्नईतल्या ‘ग्रास फ्लॅट’ची चौकशी करणाऱ्या मित्राला मी म्हणतो, बाबा रे, पुलिकतला ये, आणि बोटीऐवजी चपला हातात घे.

पुलिकतवर थोडं थांबायला हवं. चिलिकानंतर भारतातलं हे सर्वांत मोठं निमखारं सरोवर, बहुतेक आंध्रात, दक्षिणेचं तोंड तमिळनाडूत, शहरापासून साधारण 60 किलोमीटरवर. तमिळ नाव पळवेर्काडु. डचांनी इथे 1613 मध्ये गेल्ड्रिया किल्ला बांधला आणि पुढे बराच काळ कोरोमंडलवरचा कारभार इथूनच चालवला. आज डचांची दफनभूमी शाबूत आहे, किल्ल्याच्या जागी झाडोरा. पूर्वेला श्रीहरिकोटा, जिथून रॉकेटं उडतात. सरोवराची सरासरी खोली मीटरभर. पावसानंतर पाणी गोडसर, मे महिन्यात समुद्राहूनही खारट. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे प्राणिशास्त्रज्ञ पी. जे. संजीव राज यांनी या पाण्यातल्या जिवांचा आयुष्यभर अभ्यास केला. पुलिकतवर लिहिणारा कुणीही त्यांच्यापाशी आल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही.

इथल्या कोळ्यांची ‘पाडु’ नावाची पद्धत मला गळाच्या कुठल्याही तंत्रापेक्षा मोठी वाटते. मुखाजवळच्या कोळंबीच्या चांगल्या जागा कुणा एकाच्या नसतात. हक्क असलेल्या गावांतली कुटुंबं चिठ्ठ्या टाकून पाळी ठरवतात. आज तुझी जागा, उद्या माझी. श्रीलंकेत नेगोम्बोच्या खाजणातही असाच फिरता हक्क आहे. आपल्या कोळीवाड्यांत डोल जाळ्याच्या खुंटांच्या जागा ठरलेल्या असत, त्याच्याशी याचं नातं आहे, पण पाडुची चिठ्ठी त्याहून न्यायाची. हौशी माणसाला पाण्यावर कुणाची तरी मालकी असते हे सुचतच नाही. आपण गळ टाकतो ती जागा कुणाच्या तरी पाळीची असू शकते. मला हे एकदा खडसावून शिकवलं गेलं. मी जाळ्याच्या खुंटाशी ल्युअर अडकवला होता, आणि समोरच्या माणसाने तो सोडवून देता देता जे ऐकवलं त्यातलं अर्धंच मला कळलं. तेवढं पुरलं.

पाडु असो की रॉड, मुखच बुजलं तर सगळंच थांबतं. पुलिकतचं मुख वारंवार भरतं. कोळ्यांनी अनेकदा वर्गणी काढून स्वतः वाळू उपसली आहे, आणि दोन्ही बाजूंना दगडी बांध घालून मुख कायमचं उघडं ठेवा ही त्यांची जुनी मागणी सरकारनेही आता मान्य केली आहे. दगडी बांधाने वाळू थांबते हे मरीनाने शिकवलं; त्या बांधाच्या उत्तरेला काय होतं हे रायपुरमने. त्यामुळे या कामाकडे मी आनंदाने आणि थोड्या धास्तीने बघतो. दक्षिणेला कट्टुपल्ली बंदराच्या विस्ताराची टांगती तलवार आहेच. पुलिकतच्या गावांनी त्याला सतत विरोध केला आहे.

कट्टुपल्लीच्या जरा खाली एण्णूर. कोसस्तलैयार नदीची ही खाडी, एके काळी कोळंबी आणि चिंबोऱ्यांसाठी नावाजलेली. आज तिच्याभोवती औष्णिक वीजकेंद्रं, बंदर, तेलशुद्धीकरण, खतकारखाने. वीजकेंद्रांच्या राखेचा चिखल पाण्यात मिसळून खाडीचा तळ वर आला. जिथे होडी चालायची तिथे माणूस चालतो. जानेवारी 2017 मध्ये बंदराबाहेर दोन जहाजं धडकून तेल किनाऱ्याला लागलं. त्याच महिन्यात कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णांनी याच राखेच्या मैदानात उभं राहून ‘पोरम्बोके’वरचं, म्हणजे सामाईक जमिनीवरचं, गाणं गायलं, कर्नाटक संगीत ऐकणाऱ्या कित्येकांना एण्णूर कुठे आहे हे तेव्हा कळलं. डिसेंबर 2023 मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या पुराबरोबर पुन्हा तेल खाडीत उतरलं, आणि त्याच महिन्यात खतकारखान्याच्या समुद्रातल्या नळीतून अमोनिया गळला. यात भर म्हणून ‘काक्का आळि’ हा परदेशी शिंपला तळावर गालिच्यासारखा पसरतो आहे. त्याच्याखाली मूळची शिंपली आणि कोळंबीची चिखलातली जागा दोन्ही गुदमरतात.

तरीही एण्णूरच्या पुलावर गळवाले दिसतात. खाण्यासाठी मी तिथे मासा पकडत नाही, पण पकडणाऱ्याला हटकतही नाही. ज्याच्या घरात संध्याकाळची आमटी त्या गळावर आहे त्याला तेलाच्या बातम्या सांगणारा मी कोण?

शहराच्या पोटातलं पाणी लवकर संपवतो. कूवमच्या तोंडाशी नेपियर पुलाखाली वास पुरेसा बोलतो. अडयारचं मुख त्यापेक्षा जिवंत. थिऑसॉफिकल सोसायटीची झाडी, समोर 1977 मध्ये कोसळलेल्या पुलाचे खांब, आणि 2015 च्या डिसेंबरातल्या महापुराची आठवण. त्या अर्धवट पुलापाशी पहाटे चार-सहा रॉड नेहमी असतात. कोडुवाही निघतो. पण त्या नदीत काय काय येतं हे बघितल्यावर तो पुन्हा पाण्यात सोडणं हा निसर्गप्रेमाचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न ठरतो.

म्हणून जाणकार दक्षिणेला, कोवळम-मुट्टुकाडला वळतात. बकिंगहॅम कालव्याने ज्या खाड्या ओवल्या त्या माळेतला हा एक मणी. पर्यटन महामंडळाचं बोटहाउस इथे 1984 पासून आहे, आणि पलीकडे ‘सिबा’ या केंद्रीय निमखारे-पाणी मत्स्यसंशोधन संस्थेचं प्रयोगकेंद्र. 1987 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने 1997 मध्ये कोडुवाचं कृत्रिम प्रजनन साधलं. तळ्यांत आणि पिंजऱ्यांत जिताडा वाढवण्याच्या धंद्याला त्यामुळे बीजाची वाट मिळाली. मला यातला विरोधाभास आवडतो. कुंपणाच्या आत शास्त्रज्ञ टाकीत तापमान आणि खारेपणा सांभाळून माशाला ‘मुख उघडलं’ असं भासवतात. कुंपणाबाहेर तोच मासा खऱ्या मुखाची वाट बघत असतो.

कायद्याचं थोडक्यात. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून अशी 61 दिवसांची बंदी यांत्रिक बोटींना आहे, काठावरच्या गळाला नाही. तमिळनाडूचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1983 चा. त्यात यांत्रिक बोटींना किनाऱ्यालगतच्या पट्ट्याबाहेर राहायला सांगितलं आहे, आणि ते किती पाळलं जातं हे कुठल्याही कट्टमरमवाल्याला विचारावं. पुलिकतचा मोठा भाग पक्षी अभयारण्य आहे. समुद्रघोडे 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. गवतात ओढलेल्या जाळ्यात ते आले तर गुन्हा जाळं ओढणाऱ्याचा.

गवताची गोष्ट जिथे खरी आहे तिथे मराठी माणसाचं एक अनपेक्षित स्मारक उभं आहे. तंजावरचे सरफोजी दुसरे यांनी नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ 1814-15 च्या सुमारास पाल्कच्या उपसागराकाठी, पट्टुक्कोट्टैजवळ, आठ मजली बुरूज बांधला. त्याचं नाव मनोरा. तमिळ गावकरी आजही तोच शब्द वापरतात. त्या मनोऱ्यासमोरचा समुद्र इतका उथळ आणि गवताळ की 2022 मध्ये तिथल्या 448 चौरस किलोमीटर पाण्यावर ड्युगाँगसाठी राखीव क्षेत्र जाहीर झालं. ड्युगाँग म्हणजे कडल पसु, समुद्राची गाय; ती फक्त हे गवत खाते. त्या गाईसाठी संवर्धनकेंद्र उभारायचं ठरलं तेही मनोऱ्याशीच.

तिथल्या कोळ्यांना गवत वाचवायला शास्त्रज्ञांनी शिकवलं नाही. तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरांनी शिकवलं. ट्रॉलर गेला की गवताच्या मुळांसकट तळ उपटला जातो, मग वर्षभर तिथे लहान होडीवाल्याच्या जाळ्यात काही लागत नाही. फ्लोरिडाच्या टँपा उपसागरात सांडपाण्यातला नत्र आवरल्यावर 1980 च्या दशकानंतर गवत मोठ्या प्रमाणात परतलं. त्याच राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर पाणी गढूळ होत गेलं आणि 2021 मध्ये राज्यभरात मॅनेटी, ड्युगाँगच्या चुलतबहिणी, हजाराहून जास्त मेल्या, त्यातल्या अनेक गवताविना उपासमारीने. सी ट्राउटच्या मागे धावणारे तिथले हौशी लोक आता गवताच्या नकाशांबद्दल बोलतात. आपल्याकडच्या गळवाल्यांच्या गप्पा अजून रीळ आणि ल्युअरपाशीच अडल्या आहेत.

मागच्या नोव्हेंबरात कोवळमचं मुख उघडल्यानंतर चौथ्या दिवशी मी मुट्टुकाडला पाण्यात उभा होतो. पाणी गुडघ्यापर्यंत, तळ नव्या वाळूचा. माझ्यापुढे दहा-बारा हातांवर एक इरुळर बाई कंबरेत वाकून चालत होती. इरुळर म्हणजे इथले साप पकडणारे, शेजारच्या वडनेम्मेलीत त्यांची सहकारी संस्था 1978 पासून आहे. पण खाडीत त्यांचं काम कोळंबीचं. जाळं नाही, गळ नाही. दोन्ही हात तळाशी फिरवत चिखलातली कोळंबी बोटांनी धरायची आणि ताडाच्या पानांच्या टोपलीत टाकायची. हात मोकळे राहावेत म्हणून टोपलीची कड दातांत धरलेली. मी तासभर ल्युअर मारत होतो आणि माझ्या दोरीला एकदाही ओढ लागली नव्हती. तिने मान वर करून माझ्याकडे, मग माझ्या रॉडकडे बघितलं. तोंडात टोपली असल्यामुळे बोलता येत नव्हतं. भुवया उडवून विचारलं, काही लागलं का? मी मान हलवली. तिने डाव्या हाताने थोडं पुढे, मुखाकडून आत येणाऱ्या हिरवट पाण्याच्या रेघेकडे बोट केलं, आणि पुन्हा वाकली.